इंटरनेटविना परदेशवास : प्रश्न जाणाऱ्याचा की मागे राहणाऱ्याचा?

परदेशी स्थायिक झालेली आपल्या परिचयातील तरुण मंडळी सुट्टीवर घरी आली की गप्पांच्या ओघात एक प्रश्न हमखास निघतो. इंटरनेट नसते, तर तिकडचे जीवन तुम्हाला आवडले असते का? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. ‘छे, शक्यच नाही. वेड लागले असते!’ हे उत्तर प्रामाणिक असते यात शंका नाही. आईचा चेहरा रोज पडद्यावर पाहायचा, पुण्याची वा ठाण्याची बातमी क्षणात वाचायची, गणपतीची आरती घरबसल्या ऐकायची याची सवय जडलेल्या पिढीला या साऱ्याविना राहण्याची कल्पनाही असह्य वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु जे उत्तर इतक्या सहजतेने दिले जाते, ते एकदा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. कारण भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मराठी माणूस मात्र त्याआधी शतकाहून अधिक काळ समुद्र ओलांडत होता. तो कसा जगला? आणि त्याच्या जगण्यात आनंद होता की नाही?

वाशिंदसारख्या गावातून हा प्रश्न विचारण्याला एक वेगळा अर्थ आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढच्या वर्षी ती कल्याणला आली आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदपर्यंत पोहोचली. १८६० मध्ये रूळ आसनगावकडे सरकेपर्यंत या दिशेची रेल्वे वाशिंदलाच संपत असे. येथून पुढे घाटाची वाट, बैलगाडी आणि पायपीट. दूर जाणे म्हणजे काय, हे या गावाने तेव्हापासून पाहिले आहे. आज त्याच वाशिंदमध्ये कसारा लोकलने वर्षानुवर्षे मुंबईला ये-जा करून मुलांना शिकविणारे आई-वडील आहेत, आणि त्यांची मुले बंगळुरू, दुबई, न्यू जर्सी, मेलबर्न अशी विखुरली आहेत. प्रश्न त्यांचाही आहे. किंबहुना, तो मुख्यतः त्यांचाच आहे, असे मला पुढे मांडावयाचे आहे.

टपालाच्या युगातील परदेशवास

वाशिंदहून मुंबईकडे निघाले की खडवली, टिटवाळा मागे टाकून गाडी कल्याणला येते. याच कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजे विवाहानंतरची आनंदीबाई, एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून जहाजाने निघाली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. वय अवघे अठरा. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल, कारण या दांपत्याचे पुढचे सहजीवन काही काळ टपालावरच चालले. पत्र जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंत महिने उलटत. मुंबईहून सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत समुद्राखालून तारेची केबल १८७० मध्येच जोडली गेली होती. पण तार हे सरकारचे आणि मोठ्या व्यापाऱ्यांचे साधन होते, विद्यार्थिनीचे नव्हे.

अशा स्थितीत आनंदीबाई परक्या देशात कशाच्या आधारावर उभी राहिली? एका माणसाच्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनी एका मासिकात तिच्याविषयी वाचले, पत्र लिहिले आणि न भेटताच स्नेह जुळला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागली आणि अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर प्रथम त्यांच्याच घरी राहिली. ती साडी नेसत असे, शाकाहार तिने सोडला नाही, थंडीने आणि आहाराच्या आबाळीने तिची प्रकृती मात्र ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने मिळविली, आणि मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. तिचा परदेशवास सुखाचा होता असे कोणी म्हणणार नाही. पण तो सार्थ होता. तिच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. दूरच्या देशात कोणी आपल्याला लेक मानावे, यापरते अधिक बळकट संपर्काचे साधन कोणते?

स्वातंत्र्यवीर सावरकरांचे उदाहरण तर आपल्या वाचकांना सुपरिचित आहे. जून १९०६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. १९०९ हे वर्ष त्यांच्यासाठी आघातांचे ठरले. मायदेशी चिमुकला मुलगा प्रभाकर गेला, थोरले बंधू बाबाराव यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि स्वतः ते लंडनमध्ये. ना आईच्या जागी असलेल्या येसूवहिनींच्या समोर जाता येत होते, ना पत्नीचे अश्रू पुसता येत होते. त्यांनी वहिनींना सांत्वनपर काव्य लिहून पाठविले. त्याच वर्षी ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यांनी सागराला उद्देशून जी कविता रचली, ती आज मराठी घराघरांत गायिली जाते. विरहाची ती धार क्षणोक्षणी दिसणाऱ्या चित्रांनी बोथट झाली असती का, हा विचार मनात येतोच. त्याच लंडनमधून ते महाराष्ट्रातील वृत्तपत्रांसाठी बातमीपत्रे पाठवीत होते, मॅझिनीचे चरित्र मराठीत सिद्ध करीत होते आणि १८५७ च्या स्वातंत्र्यसमराचा इतिहास लिहीत होते. पुढे अंदमानात तर वर्षाकाठी एकच पत्र धाडण्याची मुभा होती. त्या एका पत्रात काय लिहावे आणि काय गाळावे, याचा विचार वर्षभर होत असणार. आज दिवसाला शंभर संदेश पाठविणाऱ्या आपणांस शब्दाचे ते मोल उमगणे कठीणच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुंबईत रमाबाई अपार दारिद्र्यात संसार ओढीत होत्या. इकडे बाबासाहेब ग्रंथालयात तासन्‌तास वाचीत होते. घरची ओढ होती, चिंता होती. पण त्या ओढीचे रूपांतर त्यांनी साधनेत केले. या तिन्ही जीवनांत परदेशवास ‘आनंददायी’ होता का, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. तो एका हेतूने भारलेला होता. हेतू असला की एकांत सोसतो. हेतू नसला की वेगवान इंटरनेट असूनही रविवारची दुपार खायला उठते.

ओढीतून उभ्या राहिलेल्या संस्था

कोणी म्हणेल, ही थोर माणसे, सामान्यांचे काय? सामान्यांचा इतिहास याहून बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मराठी मजूर करारबद्ध होऊन मॉरिशसला गेले. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यामुळे पत्रव्यवहाराचाही प्रश्न नव्हता. जहाज बंदरातून सुटले की गाव कायमचे सुटले. तरीही त्यांनी उसाच्या मळ्यांत गणपती बसविला, आपली गाणी आणि नाच जपले, मंडळ्या काढल्या. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकविली जाते. ज्यांना गावाची एकही बातमी मिळत नव्हती, त्यांनी गावच सोबत नेले.

संघकार्याचा परदेशातील आरंभही याच मातीतला आहे. जगदीशचंद्र शारदा शास्त्री मुंबईहून मोंबासाला निघाले असता जहाजावरच आणखी एक स्वयंसेवक भेटला आणि डेकवर प्रार्थना झाली. १९४७ च्या मकरसंक्रांतीला नैरोबीत संघकार्याचा रीतसर प्रारंभ झाला. पुढे १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९८९ मध्ये अमेरिकेत हिंदू स्वयंसेवक संघाची नोंदणी झाली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. या तारखांकडे नीट पाहावे. यांपैकी प्रत्येक संस्था इंटरनेटपूर्व काळात जन्मली. आपल्या भाषेचा एक शब्द ऐकण्यासाठी माणसे शंभर-शंभर मैल गाडी हाकत जात, कोणाच्या तरी तळघरात सत्यनारायण होई, पुरणपोळीचा घाट घातला जाई. घरची ओढ भागविण्याचा दुसरा मार्ग नव्हता, म्हणून माणसे माणसांकडे गेली.

भाबडेपणा नको

येथवर वाचून काही वाचकांना वाटेल की, जुने ते सोने म्हणून तंत्रज्ञानाला नाके मुरडण्याचा हा प्रकार आहे. तसे मुळीच नाही. टपालाच्या त्या युगाचे आपण उदात्तीकरण करू नये. परदेशी असलेल्या मुलाला वडील गेल्याची बातमी तेराव्यानंतर मिळे, ही गोष्ट कोणत्याही अर्थाने रम्य नव्हती. अगदी अलीकडचा अनुभव घ्या. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली आणि ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने उडू लागेपर्यंत परदेशस्थांना घरी येण्याचा मार्गच जवळपास उरला नव्हता. त्या महामारीत कित्येक मुलांनी आई-वडिलांचे अंत्यदर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतले. ते दर्शन अपुरे होते. पण तेही नसते तर?

अमेरिकेतील आपल्या सुनांचाही विचार करावा. पतीच्या नोकरीमागे एच-फोर व्हिसावर गेलेल्या सुशिक्षित मुलींना २०१५ पर्यंत तेथे नोकरी करण्यास परवानगीच नव्हती. त्यानंतरही ती काहींच्याच वाट्याला आली. बर्फाळ उपनगरातील बंद घरात, गाडीविना, ओळखीविना दिवस काढणाऱ्या अशा मुलीसाठी आईशी होणारे दोन शब्दांचे बोलणे चैन नव्हे, तर प्राणवायू आहे. आखातात राबणाऱ्या आपल्या कामगार बांधवांची गोष्टही तशीच. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून संदेश जातो, पण त्यावरून थेट बोलण्यावर वर्षानुवर्षे निर्बंध राहिले. एका खोलीत आठ-दहा जणांनी राहून घरी पैसे धाडणाऱ्या माणसाला लेकराचा आवाज ऐकण्यासाठी वेगळी सोय शोधावी लागते, तेव्हा त्या तारेचे मोल कळते. जहाजावरील खलाशांसाठी तर हा आता हक्काचा विषय झाला आहे. सागरी कामगारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात सुधारणा होऊन २३ डिसेंबर २०२४ पासून जहाजावर घरच्यांशी संपर्काची, इंटरनेटसह, वाजवी सोय देण्याची तरतूद लागू झाली. जगाने ही गरज मान्य केली आहे, आपणही करावी.

तेव्हा इंटरनेट नको, असे म्हणण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो त्याच्याकडून आपण काय अपेक्षितो हा.

पडद्यापलीकडचे घर

तार जोडली म्हणजे माणसे जोडली गेली, हा आपल्या काळाचा मोठा भ्रम आहे. ही तार मुळात किती नाजूक आहे पाहा. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील केबल तुटल्या आणि भारतापासून आखातापर्यंतचे इंटरनेट विस्कळीत झाले. आणि तार शाबूत असली तरी न्यूयॉर्क व आपल्यातले साडेनऊ-साडेदहा तासांचे अंतर कोणत्याही केबलने मिटत नाही. आपली संध्याकाळ ही त्यांची कामाची सकाळ. त्यामुळे ‘रोज बोलणे’ याचा अर्थ पुष्कळदा गाडी चालविता चालविता विचारलेले ‘कशी आहेस? जेवलीस का?’ इतकाच उरतो.

दुसरे असे की, पडद्याने परदेशस्थाला धड तिकडचा होऊ दिले नाही आणि इकडचाही ठेवले नाही. शेजारच्या घरात कोण राहते हे ठाऊक नाही. पण गावच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री दोनपर्यंत वाद चालू. मालिका, बातम्या, कीर्तने सारे खोलीत बसून मिळते, मग मंडळात कशाला जायचे? ज्या ओढीने पूर्वी माणूस शाखेकडे, मंडळाकडे, मराठी शाळेकडे वळत होता, ती ओढ पडदाच परस्पर भागवून टाकतो. याची किंमत पुढची पिढी मोजते. आजीला पडद्यावर ‘हाय’ म्हणणाऱ्या नातवाला भाषा येत नाही, कारण भाषा चित्रातून येत नाही. ती बरोबर खेळणाऱ्या मुलांतून आणि जेवायला वाढणाऱ्या हातांतून येते. मॉरिशसच्या निरक्षर मजुराने जे टिकविले, ते वेगवान इंटरनेट लाभलेल्या अभियंत्याच्या हातून निसटू नये, एवढीच कळकळ आहे.

खरा परदेशवास कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंटरनेटविना परदेशवास आनंददायी होईल का? जाणाऱ्यापुरते उत्तर होकारार्थी आहे. त्याच्याजवळ तारुण्य आहे, काम आहे, नवे जग आहे. त्याने मनावर घेतले तर तो माणसे जोडील, संस्था उभारील, पत्र लिहील. शंभर वर्षे आपल्या लोकांनी ते करून दाखविले आहे. पण जो गेलाच नाही, त्याचे काय?

ज्याच्या घरातून सारे निघून गेले, तो स्वतःच्याच घरात परदेशी होतो. वाशिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाड येथील कितीतरी घरांत आज दोनच माणसे आहेत, कित्येक घरांत एकच. मुलाने मोठा दूरदर्शन संच घेऊन दिला आहे, मोबाइल दिला आहे, पैशांची ददात नाही. २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी धाडलेली रक्कम जागतिक बँकेच्या अंदाजानुसार सुमारे १२९ अब्ज डॉलर होती. जगात कोणत्याही देशाला मिळालेली ही सर्वाधिक. पैसा समुद्र ओलांडून सुखरूप येतो. पण पावसाळ्यात रात्री दिवे गेले, छातीत कळ आली, तर पडद्यावरचा मुलगा तांब्याभर पाणी देऊ शकत नाही. तो पाहू शकतो, आणि पाहूनही काही करता येत नाही या यातनेत तोही होरपळतो. इंटरनेट बंद पडले तर मुलाचा एक दिवस कंटाळवाणा जाईल. आईचा मात्र त्या दिवसाचा एकमेव प्रसंगच हरवतो.

शिवाय, हीच तार एकट्या वृद्धाच्या घरात चोरही आणते. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली धमकावून आयुष्यभराची पुंजी लुटणाऱ्यांविषयी पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये देशाला सावध करावे लागले. शेजारी बसून ‘काका, तो फोन ठेवून द्या’ म्हणणारा कोणी असता, तर अशा किती जणांची पुंजी वाचली असती!

कायदा येथे फारसा उपयोगी नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये झाला. त्यानुसार न्यायाधिकरण मुलाकडून दरमहा निर्वाहभत्ता मिळवून देऊ शकते. त्याची कमाल मर्यादा दहा हजार रुपयांची ठेवली गेली. पण सहवासाचा भत्ता कोणते न्यायाधिकरण देणार? आपल्या परंपरेने पितृऋणाची कल्पना मांडली ती पैशाने फिटणारे कर्ज म्हणून नव्हे. आणि ज्या घरचा मुलगा दूर आहे, त्या घरची काळजी गावाने वाहायची, हाही त्याच परंपरेचा भाग होता.

येथेच आपल्या कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन हा एक विषय आहे. त्याचा अर्थ केवळ व्याख्याने असा होऊ नये. प्रत्येक वस्तीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांची यादी हवी. आठवड्यातून एकदा कोणीतरी त्या घरी चहाला गेले पाहिजे. रात्री-अपरात्री रुग्णालयात नेणाऱ्या दोन तरुणांचे क्रमांक त्या घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले हवेत. गणेशोत्सव मंडळांनी दहा दिवसांचा उत्साह वर्षभरात थोडा-थोडा वाटून घ्यावा. आणि हे करताना आपल्या पाड्यांनाही विसरू नये. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडमधील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाड्यावर राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी तोही परदेशवासच असतो, आणि त्यांच्या हाती तर पडदाही नसतो.

परदेशस्थ बंधू-भगिनींनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. रोजचे घाईचे दहा निरोप पाठविण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, हातातले काम बाजूला ठेवून तासभर बोला. महिन्यातून एक पत्र हाताने लिहा. आई ते पत्र दहा वेळा वाचील, उशाखाली ठेवील. तुमचा संदेश मात्र ती चुकून पुसून टाकील. जेथे आहात तेथील शाखेत, मंडळात, मराठी शाळेत मुलांना घेऊन जा. आणि तिकिटाचा हिशेब मांडताना आई-वडिलांच्या उरलेल्या वर्षांचाही हिशेब मांडा. दोन वर्षांतून एकदा येण्याचे ठरविले, तर पंचाहत्तरीच्या आईच्या आणि तुमच्या भेटी बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात.

इंटरनेट हे साधन आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण दूर गेलेल्यांचे जीवन त्याआधीही हेतूने आणि सोबतीने फुलले होते, आणि मागे राहिलेल्यांचे जीवन त्यानंतरही सोबतीवाचून सुकते आहे. ही सोबत कोणतीही कंपनी पुरवू शकत नाही. ती शेजाऱ्याने, स्वयंसेवकाने, समाजाने द्यावयाची आहे. दूरदेशी गेलेल्या प्रत्येक मुलाला निश्चिंतपणे म्हणता आले पाहिजे की, माझे आई-वडील एकटे नाहीत, माझे गाव तेथे आहे. असे गाव उभे करणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही जोडणीची वाट पाहावी लागत नाही. शेजारचे दार ठोठावले की पुरे.